बंद न पडणारा सर्व्हर : जोडी, अपग्रेड आणि राखण



"सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आपल्याइतकं दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल. माहिती भरायची शेवटची तारीख जवळ आली की पडद्यावर गोल गोल फिरणारं ते चक्र बघत आपण बसतो. मग ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "पहाटे चारला चालू होतं, तेव्हा भरा," आणि आपण खरंच पहाटे चारला उठतो. आजचा लेख मात्र त्या तक्रारीचा नाही. सर्व्हर बंदच पडू नये म्हणून एक व्यवस्था करता येते. ती कशी चालते, ती जुनी झाली की चालू कामात बदलायची कशी आणि तिच्यात चोर शिरू नये म्हणून काय करायचं, हे आज समजून घेऊ.

हे तर इंजिनिअरचं काम, आपल्याला काय करायचंय, असं म्हणाल. पण बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला हा विषय लांबचा नाही. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आई-बापाबरोबर गेलेलं लेकरू पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कुठल्यातरी फडावर पोचतं. आपण दिलेलं हमीकार्ड पेटीच्या तळाशी जातं किंवा कोपीत भिजतं. मूल कितवीत होतं, कुठल्या शाळेत होतं, हे खात्रीने सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याची ऑनलाईन नोंद. 2015 मध्ये सरल आलं, पुढे यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय माहिती आली, आणि मुलाचं शाळेतलं असणं हे बऱ्याच अंशी त्या नोंदीवर टेकलं. ती नोंद कुठल्यातरी खोलीतल्या सर्व्हरवर असते.

दुसरं कारण आणखी जवळचं आहे. आपल्यातले कितीतरी जण शिक्षकांच्या पतसंस्थेचे सभासद आहेत, काही जण संचालकही आहेत. तिथे कर्जाचा, ठेवीचा, हप्त्याचा हिशेब सर्व्हरवरच चालतो. सॉफ्टवेअरवाला "अपग्रेड करावं लागेल, एवढा खर्च येईल" असा कागद ठेवतो तेव्हा मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि सही करतात, किंवा "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. हा लेख मुख्यतः त्या बैठकीसाठी आहे असं समजा.

एक शिक्षक, चार वर्ग

पूर्वी एका कामाला एक सर्व्हर अशी पद्धत होती. हिशेबाचा वेगळा, हजेरीचा वेगळा, वेबसाईटचा वेगळा. प्रत्येक यंत्र वीज खायचं, जागा अडवायचं, आणि दिवसातला बराच वेळ रिकामं बसायचं. मग एकाच दणकट यंत्राचे आभासी तुकडे करायची युक्ती सर्वत्र पसरली. युक्ती तशी जुनी आहे, आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर 1972 मध्येच ती बाजारात आलेली होती. साध्या सर्व्हरवर ती आणणारी व्हीएमवेअर ही कंपनी 1998 ची.

आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवून बहुवर्ग अध्यापन करतो, तसंच हे. खोली एक, फळा एक, पण पहिलीला वाटतं गुरुजी आपलेच, चौथीलाही तसंच वाटतं. इथे खोली म्हणजे खरा सर्व्हर, प्रत्येक वर्ग म्हणजे एक व्हर्च्युअल मशीन, आणि वेळ, खडू, जागा वाटून देणारे गुरुजी म्हणजे हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर. एक वर्ग गोंधळ घालत असला तरी दुसऱ्याची पाटी पुसली जाऊ नये, हे त्याने बघायचं.

आता या व्यवस्थेचं दुखणंही लगेच लक्षात येईल. गुरुजी रजेवर गेले की चारही वर्ग बंद. एक खरा सर्व्हर जळाला की त्यावरची दहा-वीस आभासी यंत्रं एकदम जातात. म्हणून जोडी लागते.

जोडी कशी चालते?

जोडीचे दोन प्रकार आहेत आणि विकणारा माणूस बहुतेक वेळा दोन्हींना एकच नाव देतो, तेव्हा इथे जरा थांबा. पहिल्या प्रकारात एक सर्व्हर बंद पडला की दुसरा त्याची कामं नव्याने सुरू करतो. याला हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात. शेजारच्या शाळेतले गुरुजी बोलावले, ते आले, हजेरी घेतली, धडा पुन्हा उघडला. मधली काही मिनिटं गेली आणि फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित गेलं.

दुसऱ्या प्रकारात दोन गुरुजी आधीपासूनच उभे असतात. दोघंही तोच धडा, त्याच ओळीवर, त्याच क्षणी मनात चालवत असतात, पण आवाज फक्त पहिल्याचा बाहेर पडतो. पहिला वाक्याच्या मध्ये कोसळला तरी दुसरा त्याच वाक्यातला पुढचा शब्द बोलतो. मुलांना कळतही नाही. यालाच फॉल्ट टॉलरंट, म्हणजे बिघाड सोसणारी व्यवस्था म्हणतात. बँका, एटीएम, शेअर बाजार यांच्यासाठी असे खास संगणक करणारी टँडम ही कंपनी 1974 मध्ये निघाली, स्ट्रेटस 1980 मध्ये. ते संगणक फार महाग असत. नंतर साध्या दोन सर्व्हरवर हेच काम निव्वळ सॉफ्टवेअरने करायची सोय झाली. मॅरेथॉन कंपनीचं एव्हररन हे त्यातलं जुनं नाव, ती कंपनी 2012 मध्ये स्ट्रेटसनेच घेतली. व्हीएमवेअरने 2009 मध्ये ही सोय दिली तेव्हा ती फक्त एका आभासी प्रोसेसरच्या यंत्रापुरती होती, 2015 मध्ये चारपर्यंत गेली. यावरून एक कळतं की सतत जुळवून ठेवणं फुकट होत नाही. दोघांना प्रत्येक क्षणी एकमेकांची खबर द्यावी लागते आणि त्याचा भार पडतो. म्हणून सगळ्याच कामांना ही जोडी लावत नाहीत. पतसंस्थेच्या बातमीपत्राची वेबसाईट दहा मिनिटं बंद राहिली तर काही बिघडत नाही.

जोडी घेतली म्हणजे झालं असं नाही. आपल्या परळीचं औष्णिक वीज केंद्र बघा. तिथे एक संच नव्हता, अनेक होते. एक दुरुस्तीला काढला तर बाकीचे चालायचे. पण 2013 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. संच वेगवेगळे, पाणी मात्र एकाच जागचं, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं. सर्व्हरच्या बाबतीत हेच विचारायचं असतं : दोन सर्व्हर आहेत, ठीक, पण दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत का? एकाच नेटवर्कच्या डब्यातून जातात का? पावसाळ्यात गळणाऱ्या एकाच खोलीत आहेत का? तसं असेल तर तुम्ही सर्व्हर दोन घेतले, पण पाणी एकच ठेवलं.

आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. समजा दोन्ही सर्व्हर ठणठणीत आहेत आणि फक्त त्यांच्यामधली केबल तुटली. पहिल्याला वाटतं दुसरा गेला, दुसऱ्याला वाटतं पहिला गेला. दोघंही मालक होतात, दोघंही नोंदी लिहायला लागतात. एकाकडे कर्जाचा हप्ता जमा, दुसऱ्याकडे थकीत. नंतर केबल जोडली तरी खरं कुणाचं हे ठरवता येत नाही. दोन भावांच्या बांधाच्या वादात तिसरा पंच लागतो, तसा इथेही एक तिसरा छोटा संगणक साक्षीदार म्हणून ठेवतात. त्याच्याशी ज्याचा संपर्क शाबूत तो चालू राहतो, दुसरा गप्प बसतो. हा साक्षीदार दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वाटेने जोडलेला असावा. एका भावाच्याच घरात राहणारा पंच काय कामाचा?

जोडी चूकही जोडीनेच करते

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जोडी ही यंत्राच्या बिघाडासाठी आहे. डिस्क गेली, पंखा बंद पडला, वीजपुरवठ्याचा भाग जळाला, याला ती पुरून उरते. पण कुणी चुकून हजार सभासदांची यादी पुसली तर? दुसरा सर्व्हर ती यादी त्याच क्षणी, तितक्याच इमानदारीने पुसतो. सॉफ्टवेअरमध्येच दोष असेल तर दोष दोन्हीकडे आहे. चोर आत शिरला तर एका चावीने दोन्ही कुलपं उघडतात.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. 1906 ची जुनी, मोठी सहकारी बँक. 11 ते 13 ऑगस्ट 2018 या तीन दिवसांत तिचे 94 कोटी 42 लाख रुपये गेले. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की "खातं खरं आहे का, शिल्लक आहे का" हा प्रश्न बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून हो किंवा नाही येतं. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसून एक खोटं स्विच उभं केलं. ते प्रत्येक मागणीला हो म्हणत होतं. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले, आणि 13 तारखेला स्विफ्टच्या मार्गाने 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. नीट बघा, इथे पैसे जाण्यासाठी काहीच बंद पडावं लागलं नाही. उलट सगळं चालू होतं, म्हणूनच पैसे गेले. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. न थांबणारं जातं आणखी वेगाने दळेल, कुत्र्याला हाकलणार नाही.

दुसरं उदाहरण थेट हायपरवायझरचं आहे. फेब्रुवारी 2023 च्या पहिल्या आठवड्यात जगभरातल्या हजारो सर्व्हरवर एकाच पद्धतीचा हल्ला झाला, फ्रान्सच्या सरकारी सायबर संस्थेने पहिला मोठा इशारा दिला. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरमधल्या एका छोट्या सेवेत छिद्र होतं. बहुतेकांना ती सेवा लागतही नव्हती, पण चालू ठेवलेली होती, आणि सर्व्हर सरळ इंटरनेटवर उघडा होता. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी हायपरवायझरच्या डिस्कवरची एक मोठी फाईल. चोरांनी त्या फाईलींनाच कुलूप लावलं आणि खंडणी मागितली. प्रत्येक वर्गात वेगवेगळं शिरायची गरज पडली नाही, गुरुजींनाच धरलं.

आणि हे छिद्र बुजवणारी दुरुस्ती कंपनीने कधी दिली होती? 23 फेब्रुवारी 2021 ला. म्हणजे हल्ल्याच्या जवळपास दोन वर्षं आधी. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, इथे तर झोप्याची लाकडं दोन वर्षं दारात पडून होती. का पडून होती? मला वाटतं, याचं उत्तर आळस एवढंच नाही. न थांबणाऱ्या सर्व्हरची एक विचित्र अडचण असते. तो कधीच थांबत नाही, म्हणून त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. "चालतंय ना, मग कशाला छेडता" असं म्हणत म्हणत तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात कच्चा होऊन बसतो.

तिसरं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. 23 नोव्हेंबर 2022 ला सकाळी तिथली ई-हॉस्पिटल यंत्रणा ठप्प झाली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाईट माहितीला चोरांनी कुलूप लावलं. सरकारने संसदेत सांगितलेलं कारण आपल्या विषयाला धरून आहे : नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. केसपेपर, नोंदणी, तपासण्यांचे अहवाल सगळं हाताने सुरू झालं आणि बहुतेक कामं पूर्ववत व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. पण माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यापासून बाजूला राहिला होता. रुग्णांच्या नोंदी वाचल्या त्या या बाजूला पडलेल्या प्रतीमुळे.

चालू गाडीचं चाक कसं बदलायचं?

साखर कारखान्याला बंद हंगाम असतो. पट्टा पडला की सगळी मशिनरी खोलून, तेलपाणी करून पुन्हा बसवायला काही महिने मिळतात. दवाखान्याला आणि बँकेला बंद हंगाम नसतो. जोडीचा खरा फायदा इथे आहे आणि तो कुणी सांगत नाही : जोडी असेल तर एकेक बैल सोडून नाल ठोकता येते, औत थांबवावं लागत नाही.

काम साधारण असं चालतं. आधी कागदावरची तयारी. नवी आवृत्ती आपल्या जुन्या सर्व्हरवर चालते का, हे कंपनीच्या यादीत बघायचं. बऱ्याचदा फार जुन्यावरून एकदम सगळ्यात नव्यावर उडी मारता येत नाही, मधल्या आवृत्तीवरून जावं लागतं. परवाना जुन्याला लागू होता तो नव्याला होतो का, तेही आधीच विचारायचं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि एकदा पैसे भरून कायमचा परवाना घ्यायची पद्धत बंद झाली, तेव्हा कितीतरी संस्थांचं अंदाजपत्रक कोलमडलं. मग बॅकअप घ्यायचा, आणि नुसता घेऊन थांबायचं नाही, तो वेगळ्या यंत्रावर उघडून बघायचा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका, आत काय आहे देव जाणे.

त्यानंतर दोन्ही सर्व्हर खरोखर जुळलेले आहेत का ते बघायचं. हे वगळलं की घात होतो. दुसऱ्या सर्व्हरची डिस्क महिन्यापूर्वीच गेलेली असते, लाल दिवा लुकलुकत असतो, पण काम चालू असल्यामुळे कुणी पाहिलेलं नसतं. अशा वेळी पहिला बाजूला काढला की संपलं. दोन्ही ठीक असतील तर एकाला देखभालीसाठी बाजूला काढायचं, त्याच्यावरची सगळी व्हर्च्युअल मशीन्स दुसऱ्यावर जातात. बाजूला काढलेल्यावर नवी आवृत्ती टाकायची, तो पुन्हा सुरू करायचा, जोडीत परत घ्यायचा. मग थांबायचं. मधल्या काळात झालेला बदल त्याच्यावर उतरायला वेळ लागतो, माहिती जास्त असेल तर काही तास. जुळवणी पूर्ण झाल्याची खूण दिसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. घाईत असलेला माणूस नेमका इथेच घसरतो, कारण पडद्यावर सगळं चालू दिसत असतं.

या पूर्ण वेळात तुम्ही एका पायावर उभे आहात, हे विसरू नका. जोडी तात्पुरती सुटलेली आहे. म्हणून पतसंस्थेत हे काम मार्चअखेरीला, लाभांशाच्या आठवड्यात किंवा वळवाच्या वाऱ्या-विजांच्या दिवसांत काढू नये. दुसरी बारीक गोष्ट : दोन्ही सर्व्हर नवे झाल्यावर आतल्या व्हर्च्युअल मशीनचीही आवृत्ती वाढवायची सूचना येते. ती लगेच मानू नका. एकदा वाढवली की ते यंत्र जुन्या हायपरवायझरवर चालत नाही, मागे फिरायची वाट बंद होते. थोडे दिवस नवं नीट चालू द्या, मग वाढवा.

स्नॅपशॉट नावाचा प्रकार याच वेळी वापरतात. म्हणजे यंत्राची त्या क्षणाची अवस्था धरून ठेवायची, बिघडलं तर मागे यायचं. सोय चांगली आहे, पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे डिस्क गेली की तोही जातो. त्याला बॅकअप म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.

राखण

सुरक्षेचं निम्मं काम म्हणजे दारं मोजणं. सगळ्यात मोठं दार म्हणजे हायपरवायझर चालवायचा पडदा, जिथून सगळी यंत्रं सुरू-बंद करता येतात. तो इंटरनेटवरून दिसताच कामा नये. कार्यालयातल्या रोजच्या संगणकांच्या नेटवर्कवरूनही नाही. त्याची वेगळी वाट हवी, आणि त्या वाटेवर ठरावीक दोन-तीन माणसं. प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, शिवाय मोबाईलवर येणारी दुसरी खूण. आपल्याकडे "अॅडमिन" या एकाच नावाने पाच जण आत जातात आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली असते. मग काही झालं तर कुणी केलं हे शोधणार कसं? सर्व्हरबरोबर कंपनीकडून आलेला मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदलायचा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

जे लागत नाही ते बंद करायचं. याचं एक नमुनेदार उदाहरण 2015 मधलं आहे. व्हेनम नावाचं एक छिद्र सापडलं, ज्यातून एका व्हर्च्युअल मशीनमधला माणूस थेट हायपरवायझरमध्ये पोचू शकला असता. छिद्र होतं फ्लॉपी डिस्क चालवणाऱ्या भागात! फ्लॉपी आपल्या मुलांनी पाहिलेलीही नाही. पण क्यूईएमयू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाग 2004 पासून तसाच पडून होता, आणि बऱ्याच हायपरवायझरमध्ये त्यातला कोड वापरलेला होता. घरातल्या अडगळीच्या खोलीची खिडकी अकरा वर्षं उघडी राहावी तसं झालं.

बॅकअपची प्रत जोडीपासून खरोखर वेगळी ठेवायची. तिचा पासवर्ड वेगळा, नेटवर्क वेगळं, आणि एक प्रत तर अशी की जिला वायरच जोडलेली नाही. मुख्य सर्व्हरच्या पासवर्डने बॅकअपही पुसता येत असेल तर चोर आधी बॅकअप पुसतो, मग कुलूप लावतो. आणि कोण कधी आत आलं, काय केलं, याच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर साठवायच्या. आपल्या देशाच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या आदेशात या नोंदी 180 दिवस ठेवायला आणि सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आल्यावर 6 तासांच्या आत कळवायला सांगितलं आहे. "आधी आपण निस्तरू, मग बघू" म्हणत लपवणं हे नियमातही बसत नाही.

तर पतसंस्थेच्या बैठकीत विचारायचं काय? एवढंच विचारा. आत्ता चालू असलेली आवृत्ती कोणती आणि तिला कंपनीच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार? (व्हीस्फिअर 7 असेल तर तिची मुदत 2 ऑक्टोबर 2025 ला संपली.) बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला, आणि कुणी? एक सर्व्हर आमच्यासमोर बंद करून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस घाम पुसायला लागला तर अपग्रेडच्या आधी वेगळाच खर्च करावा लागणार आहे.

वर्गात कसं शिकवाल?

सातवी-आठवीच्या मुलांना हे एका तासिकेत खेळातून समजतं. साहित्य म्हणजे फळा, खडू आणि एक वही. दोन मुलं फळ्याच्या दोन टोकांना उभी करा. तुम्ही बेरजेची गणितं सांगत जा, दोघांनीही तीच सोडवायची, पण उत्तर मोठ्याने फक्त पहिल्याने सांगायचं. मध्येच पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवा, तो खाली बसेल, आणि दुसऱ्याने पुढचं उत्तर लगेच सांगायचं. वर्गाला एकही गणित चुकल्याचं जाणवणार नाही. मुलं टाळ्या वाजवतील.

मग पहिल्याला पुन्हा उभं करा. आता सांगतासांगता 48 च्या जागी मुद्दाम 84 सांगा. दोघंही मुकाट्याने 84 लिहितील. वर्गाला विचारा, दोन जण होते ना, मग चूक का पकडली गेली नाही? थोडा वेळ शांतता होऊ द्या. त्यानंतर "पुसा" म्हणा. दोघंही फळा पुसतील.

एक तिसरा विद्यार्थी तुम्ही सुरुवातीपासून व्हरांड्यात बसवलेला असेल. दर पाच गणितांनंतर त्याने दारातून डोकावून फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून न्यायचं, असं आधीच सांगून ठेवा. आता त्याला वही घेऊन आत बोलवा आणि दोघांना वहीवरून फळा पुन्हा भरायला लावा. शेवटची दोन-तीन गणितं वहीत नसतील. ती कुठे गेली आणि ती जाऊ नयेत म्हणून व्हरांड्यातल्या मुलाने किती वेळाने डोकावायला हवं होतं, हे मुलांनाच ठरवू द्या. आमच्या वर्गात एकीने विचारलं होतं, "सर, त्याने 84 वालं पण उतरवून घेतलं असंल तर?" तो प्रश्न आला की कालची वही, परवाची वही आणि मागच्या आठवड्याची वही अशा तीन वह्या टेबलावर मांडा आणि पुढचा तास तिथून सुरू करा.